झेनॉन लाइटची गिऱ्हाइकं

दाताच्या डॉक्टरकडं आपण तोंड उघडून बसतो आणि बोलता काही येत नाही. आमच्या धंद्यात उलटं आहे. तोंड गाडीचं उघडं असतं आणि गाडीवाला रिकामा उभा असतो. पेपर वाचून होतो, चहा पिऊन होतो, मग तो बोलायला लागतो. आपण बॉनेटमध्ये मुंडकं घालून वायर शोधून राहिलेलो असतो. आपलं तोंड त्याला दिसत नाही म्हणून की काय, माणूस बायकोला न सांगितलेलं आम्हाला सांगून जातो. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, गोष्ट दुकानातच राहते. अशा किती साचल्या असतील!

मी मूळचा नांदेडचा. वडील मास्तर. पोरानं डिप्लोमा करून वायरी जोडाव्यात हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, ते असो. लातूरला नांदेड रोडवर माझं आणि सलीमभाईचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. सलीमभाई माझ्यापेक्षा मोठा. हात हलका, जीभ जड.

ज्या दिवसांचं सांगतोय, तेव्हा लातुरात दोन गोष्टींची चलती होती. एक, क्लासेस. दर दुसऱ्या इमारतीवर क्लासचा बोर्ड, तिसरीवर होस्टेल, चौथीवर मेस. आणि दुसरी, झेनॉन लाइट! गाडीचा कंपनीचा पिवळा बल्ब काढायचा आणि गॅस भरलेला पांढरा बल्ब बसवायचा. तो पेटवायला बॅलास्ट नावाचा एक ठोकळा लागतो, तो बंपरमागं कुठंतरी अडकवायचा. रस्ता दुधात धुतल्यासारखा दिसतो. बसवायला वेळ लागत नाही, पण नंतरच्या तक्रारी संपत नाहीत. एक लागतो, दुसरा लागत नाही. फडफडतो. गुलाबी पडतो. फ्यूज उडवतो. पावसात बॅलास्टमध्ये पाणी जातं.

हे किस्से मी हसवायला म्हणून सुरू करतो आणि मधेच कुठंतरी ऐकणारे गप्प होतात. सलीमभाई म्हणतो, "तू किस्से सांगतो का मय्यतीला बोलावतो रे?"

तरी सांगतोच.

*

आमच्या दुकानामागच्या कॉलनीत एक गुत्तेदार राहायचे. रस्त्यांची कामं घ्यायचे. आवाज मोठा, गाडी मोठी. आले आणि म्हणाले, "मिस्त्री, सगळ्यात जास्त पावरचा टाका. समोरच्याचे डोळे फुटले पाहिजेत!"

मी त्यांना समजावून बघितलं. गाडीची ही काच पिवळ्या बल्बासाठी बनवलेली आहे. त्यात झेनॉन घातला की उजेड रस्त्यावर कमी पडतो, समोरच्याच्या तोंडावर जास्त. फोकस खाली ठेवलेला बरा.

सलीमभाई म्हणाला, "साहेब, समोरच्यालाबी घरी जायचं असतंय."

"खाली-बिली काही न्हाई! वर ठेवा. रस्ता मीच केलाय. माझ्या बापाचा हाय!"

ठेवला वर.

पुढं एका संध्याकाळी त्यांचा मुलगा ती गाडी घेऊन औशाकडं निघाला. गुत्तेदार साइटवरून मोटरसायकलीनं घराकडं येत होते. समोरून नुसता पांढराफटक पडदा आला. रस्ता दिसेना, कड दिसेना. मोटरसायकल साइडपट्टीवरून घसरली ती खाली नाल्याच्या खोदकामात. गाडीवाला थांबला. पळत आला. वाकून म्हणाला, "काका, लई लागलं का?" आणि मग ओरडला, "अण्णा!"

आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो. पाय वजन बांधून लटकवलेला. मुलगा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा. तो त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावत नव्हता, हे त्याच्या आईनं आम्हाला दारातच सांगितलं. मी विचारलं, "आता कसं वाटतंय, साहेब?"

गुत्तेदारांनी आमच्याकडं बघितलं.

"माल एक नंबर हाय तुमचा," म्हणाले. "मी स्वतः बघितला. समोरून!"

*

क्लासेसवाल्या सरांच्या गाड्या आमच्याकडं बऱ्याच यायच्या. त्यातले एक फिजिक्सचे सर मला आवडायचे. स्वतःहून बिघाड शोधायचे. त्यांच्या गाडीचा डावा लाइट गुलाबी पडला होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच सांगितलं, "डावा-उजवा बल्ब बदलून बघा. गुलाबी रंग बल्बासोबत उजवीकडं गेला तर बल्ब खराब. डावीकडंच राहिला तर बॅलास्ट."

बरोबर होतं. बदलला. गुलाबी रंग उजवीकडं गेला. म्हणजे बल्बच.

तेवढ्यात त्यांना फोन आला. बोलता बोलता बाजूला गेले. एका पालकाचा असावा. "बघतो... न्हाई, त्याला सेक्शन बदलून देतो... न्हाई हो, हुशार आहे तो, पण यंदा दम तुटतोय त्याचा..." असं चाललं होतं. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. विषय बदलायचा म्हणून त्यांनी तो गुलाबी बल्ब हातात घेऊन फिरवला.

"मला एक समजत नाही, मिस्त्री. दोन्ही बल्ब एका डब्यातले. एकाच दिवशी बसवले. सारखंच व्होल्टेज. मग एकच का गेला?"

सलीमभाई स्क्रू आवळता आवळता म्हणाला, "सर, तुमच्या क्लासात पोरं एकाच दिवशी भरती होतेत ना?"

सर हसले नाहीत. बल्ब खिशात घालून घेऊन गेले. खराब बल्ब नेणारं तेवढं एकच गिऱ्हाईक!

*

आता एक नांदेडचा. लातूरला दुकान टाकण्याआधी मी आणि सलीमभाई नांदेडात एकाच ठिकाणी नोकरीला होतो, तेव्हाचा.

हदगावकडचे दोघं भाऊ. कापसाचे मोठे शेतकरी. एक गाडी, दोघांत सामाईक. दोघं शेजारी बसून यायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. दादा मला म्हणायचा, "याला विचारा, बिल यानं दिलं का?" आणि धाकटा तिथंच उभा! तो म्हणायचा, "सांगा त्याला, दिलं म्हणून." मधे मी, पोस्टमन.

त्यांची तक्रार अशी की लाइट लावला की रेडिओ खरखरतो. झेनॉनचा बॅलास्ट अँटिनाच्या वायरीजवळ बसवला की असं होतं.

"खरखर व्हती तर व्हऊ द्या की," मी म्हणालो. "लाइटच्या वेळेला रेडिओ बंद ठेवायचा."

दादा एकदम म्हणाला, "मग गाडीत आवाज कुणाचा राहील?"

बाजार उरकून निघेपर्यंत अंधार पडायचा. लाइट लावायचा, रेडिओ बंद करायचा आणि घरापर्यंत दोघांनी नुसतं काचेतून समोर बघत बसायचं. ते त्यांना सहन होत नव्हतं. मी म्हणालो, वायर फिरवावी लागेल, बॅलास्ट हलवावा लागेल, पुढच्या बाजारी घेऊन या.

पुढच्या बाजारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बऱ्याच दिवसांनी दादा एकटाच आला, एस.टी.नं. तोंडावर जरा तजेला होता.

"राहू द्या आता ते रेडिओचं. आमचं बोलणं सुरू झालं!"

"असं?"

"हाव. एका दिवशी गाडीत लई शांत वाटलं. मीच म्हणलो, कारे बाबू, आईच्या वेळचं आठवतं का? मग तोबी बोलला. घर येईस्तोर बोललो. घर आलं तरी दार उघडलं न्हाई, बोलतच बसलो."

मला फार बरं वाटलं. चहा मागवला. म्हणालो, "मग आज गाडी कुठं? एस.टी.नं कसे आलात?"

दादानं बशीत चहा ओतला.

"गाडी त्याच्या वाट्याला गेली," तो म्हणाला. "बोललो म्हणून तर वाटणी झाली!"

*

हा अगदी छोटा.

शववाहिका चालवणारा एक जण आला. मोठ्या दवाखान्यांतून मयत माणसांना गावाकडं पोहोचवायचा. त्याला झेनॉन बसवायचा होता.

आमच्याकडं बसलेल्या एका गिऱ्हाइकानं गंमत केली. "तुमच्या पॅसेंजरला कसली घाई आली?"

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "त्याला न्हाई. सोबत बसलेल्यांना असती. अंधारात त्यांना रस्ता संपत न्हाई."

मी कपाटातनं दोन डबे काढले. एक निळसर उजेडाचा, तेव्हा तोच चालायचा, सगळ्या पोरांना तोच लागायचा. दुसरा साधा पांढरा.

त्यानं निळ्याचा डबा लगेच बाजूला सारला.

"हा नको. निळ्या उजेडात जिवंत माणसंबी तशीच दिसतेत."

*

उदगीरचे एक दाळमिलवाले शेठ. माणूस सभ्य, कपडे पांढरेशुभ्र, सोबत कायम बायको. काकू कमी बोलायच्या. घरात कन्नड, बाहेर मराठी. शेठजींची तक्रार नेहमी एकच, "उजेड कमी पडून राहिला."

पहिल्यांदा साधा झेनॉन बसवला. काही दिवसांनी परत आले. "कमी पडतोय." बॅटरी तपासली, चांगली. बॅलास्टला करंट बरोबर जात होता. अर्थिंगची वायर जरा गंजली होती, ती घासून नवी मारली. गेले. परत आले. "कमीच पडतोय." जास्त वॅटचा बसवला. भिंतीवर फोकस मारून बघितला, लख्ख! शेठजी भिंतीकडं बघून म्हणाले, "जरासा बरा हाय."

आता मला कळेना. म्हणालो, "चला, दिवेलागण झालीच आहे. रिंग रोडला एक चक्कर मारू. तुम्ही चालवा."

शेठजी चालवायला, काकू शेजारी, मी आणि सलीमभाई मागं. उजेड एकदम बरोबर पडत होता. मैलाचा दगड दिसत होता, खड्डा दिसत होता, रस्त्याच्या कडेनं चाललेल्या म्हशीच्या पायातला दोरसुद्धा दिसत होता. शेठजी गाडी बेतानं चालवत होते. काकू ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. "एडक्के... एडक्के... बलक्के..." मला वाटलं, प्रवासात देवाचं नाव घेणाऱ्या बायका असतात, तशा असतील.

सलीमभाईची सासुरवाडी बिदरची. त्यानं माझ्या मांडीवर हात दाबला. कानाशी येऊन म्हणाला, "मुकुंदा, जप न्हवं तो. 'डावीकडं, उजवीकडं' म्हणतीय ती."

गाडी दुकानापर्यंत परत आली, कशी आली ते काकूंना ठाऊक. थांबल्या थांबल्या सलीमभाईनं मागून हात घालून चावी काढून घेतली.

"शेठ, लाइटचं आम्ही बघितलं. तुम्ही डोळे कुणाला दाखवले का?"

शेठजींचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. "दाखवले. काचबिंदू हाय. जे गेलं ते परत येत न्हाई म्हणलेत."

"आणि तरी तुम्ही गाडी चालवता?" मला रागच आला.

"मी कुठं चालवतो?" शेठजी म्हणाले. "चालवती तर हीच. मी नुसतं स्टिअरिंग धरतो."

त्या दिवशी सलीमभाईनं चावी त्यांच्या हातात दिली नाही. ओळखीचा एक ड्रायव्हर बोलावला, त्याला सगळं सांगितलं आणि दोघांना उदगीरला पोहोचवायला लावलं. काकू सवयीनं पुढं बसल्या, शेठजी मागं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर दुकानावर आला. म्हणाला, "मावशी सगळा रस्ता मला डावीकडं-उजवीकडं सांगत होत्या. शेवटाला मी म्हणलो, मावशी, राहू द्या, मला दिसतंय की!"

"मग?"

"मग गप झाल्या. आणि रडायला लागल्या. शेठजी मागून विचारून राहिले, काय झालं, काय झालं. मी काय सांगू त्यांना?"

*

भूकंपाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. किल्लारीकडची गावं नव्या जागी उभी राहिली होती, सरळ रस्ते, सारखी घरं. अशाच एका नव्या गावातले बिराजदार काका आमच्याकडं यायचे. द्राक्षाची बाग, जुनी पण राखलेली गाडी. तक्रार अशी की रोज सकाळी बॅटरी उतरलेली.

"लाइट आपोआप लागून राहतो बगा."

झेनॉनच्या वायरिंगमध्ये रिले असतो, म्हणजे स्विचच एक प्रकारचा. त्याचे पॉइंट जळून चिकटले की बटण बंद केलं तरी लाइट बंद होत नाही. नेहमीचा बिघाड. रिले बदलून दिला.

परत आले. पुन्हा बॅटरी ठार! कुठं करंट गळतोय का म्हणून मीटर लावून एकेक फ्यूज काढून बघितला. काही नाही. गाडी दुकानात मुक्कामाला ठेवून घेतली. सकाळी बॅटरी ठणठणीत. गावाकडं नेली की परत तेच. सलीमभाई म्हणाला, "काका, गाडीला गाव मानवत न्हाई तुमच्या."

काका हसले. काका कधीही चिडायचे नाहीत, हेही एक नवलच होतं. इतके हेलपाटे मारलेला दुसरा माणूस आमच्या अंगावर आला असता.

एकदा त्यांच्यासोबत त्यांची सून आली होती, लातूरला काही घ्यायचं होतं म्हणून. काका समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले आणि ती हळूच माझ्याजवळ आली.

"दादा, उगी रिले बदलू नका. लाइट आपोआप लागत न्हाई. मामंजी स्वतः लावतेत. गाडीचं तोंड घराकडं करून ठेवतेत रोज. पहाटं उठतेत, लाइट लावतेत आणि उजाडूस्तोर अंगणात बसून राहतेत."

"कामून?"

"पहाटंच झालं होतं ना ते," ती म्हणाली.

काका चहा घेऊन आले. आमचे चेहरे बघून त्यांना समजलं. चहाचे ग्लास एकेकाला दिले, मग बाकावर बसले.

"आई लई वेळ बोलत होती," ते म्हणाले. "ढिगाखालून. 'मी हितं हाय, मी हितं हाय.' आम्ही हातानं दगड काढून राहिलो. काळाकुट्ट अंधार. कंदील न्हाई, बॅटरी न्हाई, वरून पाऊस. आपलं घर कोणतं, शेजाऱ्याचं कोणतं, काय कळंना. आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटायचा. उजाडलं तवा दिसलं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आम्ही दुसराच ढीग उपसत होतो."

सून पदर तोंडाशी धरून बाहेर जाऊन उभी राहिली.

सलीमभाई उठला. आत गेला आणि एक चांगली बॅटरी उचलून आणली. गाडीच्या डिकीत पट्टी मारून ती बसवली. लाइटची वायर तिच्यावर टाकली, इंजिनाची मूळच्या बॅटरीवर राहू दिली, आणि गाडी चालली की दोन्ही चार्ज होतील अशी जोडणी केली.

"काका, आता कितीबी वेळ लावा. सकाळी गाडी चालू होणार म्हणजे होणार."

काकांनी डिकीत वाकून बघितलं. मग सुनेकडं बघितलं, ती लांब होती. आवाज बारीक करून म्हणाले, "घरी काय सांगू? काय बिघाड होता म्हणून?"

सलीमभाई म्हणाला, "सांगा, रिले चिकटला होता."

*

आणि हा सोपानरावांचा.

सोपानराव शिरूर अनंतपाळकडचे. घरच्या म्हशी, गावातलं दूध गोळा करून रोज संध्याकाळी जुन्या जीपमधनं लातूरला आणायचे. मेसवाल्यांना घालायचे. पुतण्यानं हौसेनं त्यांच्या जीपला झेनॉन बसवून आणले होते.

"लाइट झकास हाय," ते म्हणाले. "पण पासिंग लागत न्हाई."

समोरच्याला इशारा द्यायला आपण लाइटचा दांडा ओढून झपकन उजेड पाडतो, ते पासिंग. झेनॉनला पेटायला वेळ लागतो. तो पेट घेईपर्यंत आपण दांडा सोडलेला असतो. हा बिघाड नाही, त्याची जातच ती. मी म्हणालो, "पासिंगवाचून काय अडतंय? हॉर्न मारा."

"हॉर्न न्हाई चालत. वॉचमन हाकलतो."

"कुठला वॉचमन?"

मग सांगितलं. त्यांची मुलगी लातूरला होस्टेलवर होती, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. होस्टेलवर मोबाइल ठेवू देत नसत. भेट महिन्यातून एकदा, तीही वॉर्डनबाईसमोर. सोपानराव तर रोज लातुरात! मग बापलेकीनं एक ठरवलं होतं. दूध घालून झालं की सोपानराव होस्टेलसमोर रस्त्यावर जीप थांबवायचे आणि तीनदा पासिंग मारायचे. वर ती खोलीतला दिवा बंद करून परत लावायची.

"तेवढंच," सोपानराव म्हणाले. "तेवढं झालं की मी जातो. तिचंबी काम चालू, माझंबी."

झेनॉन बसवल्यापासनं ते रोज थांबायचे, दांडा ओढायचे, आणि वर काही हलायचं नाही. त्यांना वाटलं, अभ्यासात असंल. महिन्याच्या भेटीला गेले तर मुलीनं पहिल्यांदा काय विचारावं? "अप्पा, तुम्ही येणं सोडलं का?"

"मी म्हणलो, रोज येऊन राहिलो की गं! तर म्हणली, न्हाई, मी रोज खिडकीत असते." सोपानराव जीपच्या बॉनेटवर हात फिरवत होते. "पोरगी लई वाळलीय, मिस्त्री. आधी घरभर बोलायची. आता विचारलं तेवढंच बोलती. जेवती का म्हणलो तर जेवते म्हणती. झोपती का म्हणलो तर बाईकडं बघती."

सलीमभाईनं त्या दिवशी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं. झेनॉन तसेच राहू दिले. बंपरवर दोन साधे पिवळे बल्ब बसवले आणि पासिंगची वायर फक्त त्यांच्यावर टाकली. दांडा ओढला की झपकन लागणार, सोडला की विझणार. काम झालं तोवर दिवेलागण झाली होती.

सोपानराव म्हणाले, "चला की दोघंबी. लागतंय का न्हाई बगून घेऊ."

आम्ही रिकाम्या कॅनांच्या मधे बसून गेलो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी होस्टेलं, कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल. क्लास सुटून मुली आत गेलेल्या होत्या, खिडक्यांत दिवे लागले होते. सोपानरावांनी जीप भिंतीला लावली, इंजिन बंद केलं.

"कोणती खिडकी?" मी विचारलं.

"या महिन्यात खोली बदललीय तिची. नवी कोणती ते इचारायच्या आत भेटीची वेळ संपली," ते म्हणाले. "पण सोपं हाय. जिथला दिवा मिचकंल ती आपली."

त्यांनी दांडा ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला आणि गेला.

काही झालं नाही. वॉचमन विडी ओढत होता, त्यानं आमच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतला दिवा गेला आणि परत आला.

"हाय!" सोपानराव जवळजवळ ओरडलेच. "हाय बगा! दिसलं तिला!"

सलीमभाईनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी हसून काहीतरी म्हणणार होतो, तेवढ्यात शेजारच्या खिडकीतला दिवा गेला आणि आला. मग खालच्या मजल्यावरचा. मग कोपऱ्यावरचा. मग वरचे दोन, एकामागोमाग. मग आमच्या पाठीमागच्या होस्टेलातला एक, आणि त्याच्या वरचा, आणि त्याच्या बाजूचा. गल्लीच्या टोकापर्यंत खिडक्या विझत होत्या, लागत होत्या. खिडक्यांच्या गजांशी मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी हाक मारत नव्हतं, हात हलवत नव्हतं. नुसते दिवे.

सोपानरावांचा हात दांड्यावर तसाच होता. ते मान वर करून या खिडकीकडून त्या खिडकीकडं बघत होते. मग आमच्याकडं वळले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "यातली आमची कोणती हो?"